विलास शेवाळेचं पाणी

“पावनं, एक ध्येनात ठेवा. कळशीला तुम्ही हात लावायचा न्हाई.”

डोंगराच्या पायथ्याला चपला काढून मी नुकता सरळ होत होतो, तेवढ्यात सुभेदार आण्णांनी हे सुनावलं. सकाळपासून माझ्याशी बोललेलं त्यांचं हे पहिलंच वाक्य. राम राम नाही, कधी निघालात नाही, एकदम मनाई हुकूम. माझी बायको शालन पाण्याने काठोकाठ भरलेली तांब्याची कळशी डोक्यावर घेऊन उभी होती. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी नुसती मान डोलावली.

आण्णा म्हणजे शालनच्या पहिल्या नवऱ्याचे वडील. मी सर्जेराव, तिचा दुसरा नवरा. आम्ही तिघं एका वाटेला लागलो, ते ज्याच्यासाठी, तो विलास शेवाळे वर डोंगरावर दगडात कोरलेला होता. या गोष्टीला आता चौदा वर्षं झाली, पण त्या दिवशी माझा चेहरा कसा झाला असेल याची कल्पना मला अजून करता येते.

भैरवदरे हे गाव पलटणीचं. दर दुसऱ्या घरातला माणूस फौजेत. गावाच्या डोक्यावर टेंभीचा डोंगर आहे आणि त्याच्या माथ्यावर काळ्या दगडाचा एक स्तंभ. लढाईत पडलेल्या गावच्या सत्तावीस जणांची नावं त्यावर आहेत. वर पाण्याचा टिपूस नाही. म्हणून दर वर्षी माघ वद्य पंचमीला ज्याने त्याने आपल्या घरच्या आडाचं पाणी वर न्यायचं आणि आपल्या माणसाच्या नावावर घालायचं. मरणाऱ्याच्या तोंडात घरच्यांनी पाणी घालायचं असतं, आणि ही माणसं जिथं पडली तिथं घरचं कोणी नव्हतं. ते राहिलेलं पाणी गाव वर्षावर्षाला पोचवतं. नियम दोनच. घराच्या उंबऱ्यापासून स्तंभापर्यंत कळशी भुईला टेकवायची नाही, आणि तिला हात लावायचा तो त्याच चुलीच्या माणसाने. भावकी चालत नाही, शेजारी चालत नाही.

ज्या घरात कोणी उरलं नाही त्याचं नाव गावपाण्यात जातं. म्हणजे गाव एका मोठ्या हंड्यातून अशा सगळ्या नावांवर एकत्र पाणी घालतं. त्यात अपमान काही नाही, उलट सगळे हात जोडून उभे राहतात. पण एकदा गावपाण्यात गेलेलं नाव परत घरपाण्यात येत नाही. ते घर संपलं, असा त्याचा अर्थ. सत्तावीसपैकी अकरा नावं तशी गेली होती. आण्णांना बाराव्याची धास्ती होती.

विलास गेला तेव्हा शालन एकवीस वर्षांची होती. लग्नाला अकरा महिने, त्यातले नवऱ्याबरोबरचे दिवस मोजून चाळीस. चार वर्षांनी तिचं माझ्याशी लग्न झालं. कऱ्हाडात माझं विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायचं, रिवाइंडिंगचं, भाड्याचं दुकान. ना शेत ना वाडी, त्यामुळं बत्तिशी उलटली तरी मला कोणी मुलगी देत नव्हतं. तिच्या वडिलांकडून विचारणा आली आणि मी पुढचा मागचा विचार न करता होकार दिला. संसार चांगला चालला होता. मुक्ता झाली, ती तेव्हा सहा वर्षांची होती. पण सरळच सांगतो, मला त्या गेलेल्या माणसाचा हेवा वाटायचा. जिवंत माणसाशी भांडता येतं, त्याच्या चुका काढता येतात. चाळीस दिवसांत कोणी काय चूक करणार? शालनच्या पेटीत साड्यांच्या तळाला त्याचा वर्दीतला फोटो होता. तो तिथं आहे हे मला ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हे तिला.

आण्णांबद्दल तर माझ्या मनात अढीच होती. आमच्या लग्नानंतरच्या पहिल्या पंचमीला शालन आपण होऊन भैरवदऱ्याला गेली होती. म्हाताऱ्याने तिला दारातूनच परत लावलं. दिल्या घरी जा, पुन्हा या उंबऱ्याला पाय लावू नको, म्हणाले. घोटभर पाणीसुद्धा विचारलं नाही. ती दोन दिवस जेवली नव्हती. त्यानंतर आठ वर्षं ना जाणं ना येणं. आण्णा एकटेच पाणी नेत राहिले. विलासची आई आधीच गेली होती. आणि या वर्षी दिवाळीत ते शेताच्या बांधावरून पडले, उजवा गुडघा कायमचा गेला. मग निरोप आला की माझ्याने वरपर्यंत होत नाही, शालनने या साली यावं. त्या चुलीवर जेवलेलं दुसरं कोणी उरलं नव्हतं.

गरज पडली तशी सून आठवली, असं मी बोललो. बोलायला नको होतं. शालन नुसती मुक्ताचे कपडे माझ्या बहिणीकडे द्यायला भरत राहिली. मग मीच म्हटलं, मी पण येतो. का, ते तेव्हा मला सांगता आलं नसतं. बायकोला एकटी कशी पाठवायची, असं तोंडाने म्हणत होतो. ताकाला जाऊन भांडं लपवण्यातला प्रकार. खरं म्हणजे त्या दगडापुढं उभी असताना तिचा चेहरा कसा होतो, ते मला बघायचं होतं.

तर असे आम्ही चढत होतो. पुढं आण्णा, वय अठ्ठ्याहत्तर, हातात काठी, एक पाय ओढत, पण पाठ ताठ. मधे शालन. मागं मी, नारळ-फुलांची पिशवी आणि आण्णांची घडीची खुर्ची घेऊन. वाटेवर इतर घरांचीही माणसं होती. आठ-दहा जणांचं कुटुंब असलं की कळशी या डोक्यावरून त्या डोक्यावर फिरत जायची, गप्पा चालायच्या, कोणी खारे दाणे काढायचं. आमच्याकडे डोकी दोनच. शालन दमली की आण्णा कळशी खांद्यावर घेत, पंचवीस-तीस पावलं चालत आणि ओठ घट्ट मिटून परत तिच्या हवाली करत. त्या पंचवीस पावलांत त्यांच्या मानेच्या शिरा फुगायच्या. मी तरणाताठा माणूस मागं खुर्ची घेऊन चाललोय, आणि हा म्हातारा माझ्यादेखत झिजतोय. दोनदा माझा हात आपोआप पुढं झाला. दोन्ही वेळा आण्णांनी मागं न बघताच काठी आडवी धरली.

लोक बघत होते. शालनला ओळखणाऱ्या बायका जवळ येऊन तिच्या गालावरून हात फिरवत, मुलगी केवढी आहे विचारत, आणि मग माझ्याकडे एक नजर टाकून पुढं जात. त्या नजरेत वाईट काही नव्हतं. लग्नाच्या वऱ्हाडात चुकून शिरलेल्या माणसाकडे बघतात तसं बघत होत्या.

शेवटच्या टप्प्याला डोंगर एकदम उभा होतो. खडकात खोदलेल्या दीड-दोनशे पायऱ्या आहेत, झिजून गुळगुळीत झालेल्या. त्यांच्या तळाशी एक सपाट धोंडा आहे. तिथं आण्णा बसले ते बसलेच. गुडघा लिंबाएवढा, नव्हे, चांगला नारळाएवढा सुजला होता. आता इथून पुढं तू एकटी, म्हणाले. शालनने पदर खोचला, चुंबळ नीट केली, कळशी डोक्यावर घेतली आणि पायऱ्या चढायला लागली. मी खुर्ची आण्णांपाशी ठेवून तिच्या मागं दोन पायऱ्यांवर.

बाराव्या की तेराव्या पायरीवर तिचा पाय मुरगळला. मी आवाज ऐकला. ती गुडघ्यावर कोसळली, पण दोन्ही हातांनी कळशी वरच्या वर धरली आणि मांडीवर घेतली. पाणी हिंदकळून तिच्या साडीवर आलं. कळशी भुईला लागली नाही. उठायला गेली आणि जागच्या जागी परत बसली. घोटा बघता बघता फुगला. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि ते दुखण्याचं नव्हतं हे मला कळत होतं.

मागून येणारी माणसं थबकली. त्यांत स्तंभापाशी नावं पुकारणारे बळवंततात्या होते, माजी हवालदार, गावात शब्दाला वजन असलेले. त्यांनी खाली आण्णांकडे बघितलं, वर शालनकडे बघितलं आणि फार हळू आवाजात म्हणाले की आण्णा, आता हट्ट करू नका, कळशी गावपाण्याच्या हंड्यात ओता, आम्ही मानाने नेतो. आण्णांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. पलटणीतल्या माणसाने टोपी काढणं म्हणजे हार पत्करणं, हे तिथल्या सगळ्यांना कळलं असावं, कारण कोणी हललं नाही.

मी मोटारीवाला माणूस. एखादी गोष्ट अडली की ती कुठून सुटेल हे बघायचं, एवढंच मला येतं. नियम काय? कळशी भुईला नको, माझा हात नको. मी पिशवी तिथंच टाकली, शालनच्या पुढच्या पायरीवर पाठ करून उकिडवा बसलो आणि म्हणालो, “बस पाठीवर. कळशी तू धर. मी तिला हात लावत नाही.”

“अवो, सगळं गाव बघतंय,” शालन म्हणाली.

“बघू दे. बस.”

ती बसली. मी तिच्या गुडघ्यांखाली हात घालून उठलो. पाच हॉर्सपॉवरची मोटार विहिरीतून खांद्यावर वर काढलेली आहे मी. शालन तिच्यापेक्षा फारशी जड नव्हती. पण मोटार कानाशी सूचना देत नाही. डावीकडं घ्या, दमानं, पुढची पायरी तुटलीय, असं तिचं चाललं होतं. कळशी तिने दोन्ही हातांनी माझ्या उजव्या खांद्यावर टेकवून धरली होती. हात लावायचा नाही म्हणाले होते, खांद्याचं काही बोलले नव्हते. कोणीतरी फिसकन हसलं. बायकोला पाठुंगळी घेऊन डोंगर चढणारा नवरा भैरवदऱ्याने त्याआधी पाहिला नसावा. हसणं तळापासून वरपर्यंत पसरत गेलं, आणि का कोण जाणे, साठ-सत्तर पायऱ्यांनंतर ते थांबलं. पुढं चाललेले लोक कडेला सरून आम्हाला वाट द्यायला लागले.

दर पायरीला कळशीतलं पाणी हिंदकळायचं आणि माझ्या मानेवरून शर्टात उतरायचं. आडाचं गार पाणी. पाठीवर शालनची धाप, मानेवर ते पाणी. मला वाटलं, विलासला खांदा पलटणीच्या लोकांनी दिला. त्याच्या पाण्याला मी देतोय. त्या क्षणी मला त्याचा हेवा वाटत नव्हता. ते पाणी वाया जाऊ नये, बाबा, पोचू दे एवढंच, अशी मी मनातल्या मनात विनवणी करत होतो. कोणाची, ते माहीत नाही.

वर पोचलो तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं काजवे चमकत होते. स्तंभ माझ्या कल्पनेपेक्षा बराच लहान होता, माणसापेक्षा हातभर उंच. शालनला मी त्याच्या चौथऱ्यावर बसवलं. कळशी तिच्या मांडीवर, निम्मी रिकामी. चारी बाजूंनी माणसं, भन्नाट वारा, आणि बळवंततात्यांचा नावं पुकारण्याचा आवाज. ते नाव घ्यायचे आणि विचारायचे, “घरचं कोन?” घरचा माणूस “हाय” म्हणायचा, पुढं व्हायचा, पाणी घालायचा. मध्येच गावपाण्याची नावं आली की सगळे मिळून “हाय” म्हणायचे.

“लान्स नायक विलास गणपत शेवाळे. घरचं कोन?”

शालनने तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. उठता येत नव्हतं, आणि ती आता कोणाच्या चुलीची हे सगळ्या गावाला माहीत होतं. तात्या कठोर माणूस नव्हते. ते दोन पावलं पुढं आले. मग म्हणाले, “शालन, पोरी, तू आमचीच हाईस. पन तुझी चूल आता कऱ्हाडला हाय. न्येमाला मी काय करू?”

मी बोललो असतो, पण काय बोलणार? मी तर त्या सगळ्या प्रकरणात तिसऱ्या गावचा.

तात्यांचा पुकारा खाली ऐकू जात असणार, कारण तेवढ्यात खालून आवाज आला. पायऱ्यांच्या तळापासून, वाऱ्याला चिरत. दोनशे जवानांना एका शब्दात थांबवणारा आवाज असा असतो हे मला त्या दिवशी कळलं.

“तात्या. शेवाळ्याच्या चुलीची दोन मानसं वर हाईत. माझी लेक हाय आन् माझा जावई हाय. पानी घालू द्या.”

तात्यांनी माथ्याच्या कडेला जाऊन खाली वाकून उत्तर दिलं, “सुभेदार, जावई म्हंजे पावना. परक्या चुलीचा.”

मग आण्णा म्हणाले, “मग ल्योक म्हन. आन् फुडचं नाव घे.”

तात्या वळले. माझ्याकडे त्यांनी नीट बघितलं, बहुधा पहिल्यांदाच. मग तोच प्रश्न परत विचारला, त्याच सुरात, जणू आधी विचारलाच नव्हता. “लान्स नायक विलास गणपत शेवाळे. घरचं कोन?”

“हाय,” मी म्हणालो. माझा आवाज चिरकला. शालनचा “हाय” माझ्या पाठोपाठ आला.

तिने कळशी माझ्यापुढं केली आणि मी तिला हात लावला. तांबं गार होतं. शालनला एका हाताने आधार देऊन उभी केली, दोघांनी मिळून कळशी तिरकी केली आणि त्या नावावर पाणी सोडलं. धूळ बसलेली अक्षरं काळीभोर झाली. मी शालनच्या चेहऱ्याकडे बघायला आलो होतो, ते विसरूनच गेलो. मी नावाकडे बघत होतो. चोवीस वर्षांचा पोरगा. माझ्याहून लहान. तहानलेला गेला असेल का, एवढंच डोक्यात येत होतं, आणि मला रडू आलं. शालनने माझा हात धरला. मी तिच्या पहिल्या नवऱ्यासाठी रडतोय आणि ती मला धीर देतेय, असा उलटा कारभार.

उतरताना गावच्या दोन माणसांनी शालनला हाताच्या पाळण्यात घेतलं. मी रिकामी कळशी घेऊन पुढं आलो. आण्णा त्याच धोंड्यावर बसले होते, टोपी परत डोक्यावर. मी त्यांच्या शेजारी बसलो. त्यांनी कळशीत डोकावून पाहिलं.

“किती ऱ्हायलं हुतं?”

“निम्मं. बाकीचं माझ्या पाठीवर सांडलं.”

“बास झालं.” ते समोर दरीकडे बघत राहिले. मग म्हणाले, “सर्जेराव, मी तुमच्या दुकानात आलोवतो. लग्नाच्या आदी. दोनदा.”

मला आठवेना. रोज इतके शेतकरी येतात.

“मोटार घिऊन आलोवतो. चालत न्हाई म्हनलो. तुमी खोलली, समदी तपासली, आन् म्हनला, आजोबा, हिला काय झाल्यालं न्हाई, तुमच्या वायरीत खोट असंल. च्या पाजला. एक पैसा घेतला न्हाई. मोटारीला काय झालंच नव्हतं. मला ठावं हुतं.” ते थांबले. “दुसऱ्या बारीला गर्दीच्या दिशी आलो, बघाया, की गर्दीतबी तसंच बोलता का. तसंच बोलला. मग शालनच्या बापाकडं गेलो. म्हनलो, ह्यो मानूस चांगला हाय, पोरीला हितं देऊ. त्यो तयार नव्हता. मी पाय धरलं त्याचं.”

माझ्या तोंडात मारल्यासारखं झालं. आठ वर्षं मी ज्या माणसाला मनातल्या मनात शिव्या घातल्या, त्याने माझं लग्न जमवलं होतं.

“मग तिला दारातनं परत का लावलंत?” मी विचारलं.

“येत ऱ्हायली असती तर निम्मी हितंच ऱ्हायली असती. तुमच्या वाट्याला काय आलं असतं?” त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे वळून बघितलं. डोळे लाल होते, आवाज मात्र ताठ. “मलाबी सोपं न्हाई गेलं.”

तेवढ्यात शालनला घेऊन माणसं आली. तिला खुर्चीत बसवलं. तिने आण्णांच्या आणि माझ्या तोंडाकडे आळीपाळीने पाहिलं आणि काय झालं म्हणून विचारलं. मी म्हणालो, घरी गेल्यावर सांगतो. आण्णांनी माझ्या हातातली कळशी घेतली, पंच्याने आतून बाहेरून कोरडी केली, आणि माझ्या मांडीवर ठेवली.

“ही ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं,” ते म्हणाले. “फुडल्या साली पानी कऱ्हाडासनं आना. तुमच्या घरचं.”